गाठ लपवू नका, वेळ दवडू नका

आमच्या खालाने छातीतली गाठ सात महिने कोणाला सांगितली नाही. गुस्ल करताना ती हाताला लागली, वाटाण्याएवढी. दुखत नव्हती, म्हणून काही नसेल असे तिने मनाशी ठरवले. मग रमजान आला, ईद झाली, त्यानंतर भाचीच्या निकाहची तयारी निघाली. प्रत्येक वेळी 'एवढे उरकू दे, मग बघू'. काखेत सूज येऊन ब्लाऊजची बाही घट्ट होऊ लागली, तेव्हा ती आमच्या अम्मीजवळ बोलली. तोवर गाठ लिंबाएवढी झाली होती.

अल्हम्दुलिल्लाह, खाला आज आमच्यात आहे. पण स्तन पूर्ण काढावे लागले, केमोथेरपी झाली, किरणोपचार झाले, एक हात अजून सुजतो. लवकर आल्या असत्या तर कमी उपचारांत भागण्याची शक्यता होती, असे डॉक्टरांनी सांगितले. 'आधी का नाही सांगितले?' असे आम्ही तिला विचारले. ती म्हणाली, 'कोणाला सांगू? तुमचे खालू दिवसभर दुकानात, मुलगे मोठे झालेले. दवाखान्यात डॉक्टर पुरुष.' हे ऐकून आमचीच मान खाली गेली. त्या सात महिन्यांत आम्ही तिच्या हातचे कितीदा जेवलो, पण 'तब्येत कशी आहे' असे तिला बाजूला घेऊन कोणी विचारले नव्हते.

हे लिहिण्याचे कारण तेच आहे. कर्करोग सगळेच टाळता येत नाहीत. लक्षण दिसल्यापासून ते सांगेपर्यंतचा वेळ मात्र आपल्या हातात असतो.

तीन कर्करोग, तिन्ही लवकर सापडण्याजोगे

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळले. बायकांमध्ये स्तनाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आणि गर्भाशयमुखाचा दुसऱ्या क्रमांकावर आहे. पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग सर्वांत जास्त आढळतो. हे तिन्ही शरीरात अशा जागी होतात जिथे डोळा, बोट किंवा एखादी साधी तपासणी पोहोचू शकते. म्हणून या तिघांची ओळख प्रत्येक घरात असायला हवी.

तोंड: पान, सुपारी, गुटखा, मिश्री

आपल्या घरांत दारूला थारा नाही. दारूमुळेही अनेक कर्करोग होतात, तेव्हा त्या एका धोक्यापासून आपण वाचतो. पण तंबाखूच्या बाबतीत आपण तितके कडक नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी मिळतेच. दादी-नानींच्या ताकात मिश्रीची डबी असते. भाजलेला तंबाखू दातांना लावणे म्हणजे दात घासणे नव्हे, ते तंबाखूचेच सेवन आहे. आणि निकाहच्या जेवणानंतर तबकात फिरणारी सुपारी तर कोणाला व्यसन वाटतच नाही. प्रत्यक्षात तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कर्करोग करते, असा निष्कर्ष त्याच संशोधन संस्थेने वीस वर्षांपूर्वीच काढला आहे. मुलांच्या हातात गोड सुपारीची पुडी देताना हे लक्षात ठेवावे.

तोंडातली ही लक्षणे ओळखा:

- दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा छाला
- गालाच्या आत, जिभेवर किंवा हिरडीवर पांढरा वा लाल चट्टा
- साधे तिखटही झोंबू लागणे
- तोंड पूर्ण न उघडणे. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील तर दाखवून घ्या
- कारण नसताना दात हलणे, मानेत गाठ येणे, गिळताना त्रास होणे, आवाज बसून तो न सुटणे

महिन्यातून एकदा आरशासमोर, उजेडात, तोंड उघडून पाहायला दोन मिनिटे पुरतात. तंबाखू खाणाऱ्याने तर हे चुकवूच नये.

'सोडवत नाही' हे आम्ही आमच्या घरातल्या पुरुषांकडून नेहमी ऐकतो. त्यांना आम्ही एवढेच म्हणतो: रमजानमध्ये पहाटेपासून मगरिबपर्यंत तेरा-चौदा तास तुम्ही पुडीला हात लावत नाही, तेही सलग महिनाभर. म्हणजे ताकद आहे. इफ्तारनंतर खजुराच्या मागोमाग पुडी उघडली नाही, तर अर्धी लढाई तिथेच जिंकली. मदत लागली तर तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे: १८००-११-२३५६.

स्तन: न दुखणारी गाठ जास्त महत्त्वाची

गाठ दुखत नाही म्हणून खाला निर्धास्त राहिली. बहुतेक बायका हीच चूक करतात. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. दुसरी बाजूही सांगायला हवी: छातीतल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण आपली गाठ कोणती, हे घरी बसून ठरत नाही.

स्तनात किंवा काखेत गाठ, एका स्तनाच्या आकारात झालेला बदल, त्वचेवर खळी पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्त किंवा पाणी येणे, यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नये. पाळी येऊन गेल्यानंतरच्या दिवसांत, गुस्लच्या वेळी स्वतःच्या शरीराकडे लक्ष दिले तर बदल लवकर कळतो. पाळी बंद झालेल्या बायकांनी महिन्याची एक तारीख ठरवून घ्यावी. हा आजार क्वचित पुरुषांनाही होतो, तेव्हा त्यांनीही छातीतली गाठ लपवू नये.

धोका कमी करण्यासाठी वजन आटोक्यात ठेवावे, रोज अर्धा तास तरी चालावे आणि बाळाला अंगावर पाजावे. कुरआनने आईच्या दुधाची पूर्ण मुदत दोन वर्षांची सांगितली आहे. जितके जास्त महिने पाजले जाते, तितका आईचा स्तनाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, हे आता अभ्यासांनी दाखवले आहे. आई, बहीण किंवा खाला यांना हा आजार झाला असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे. आमच्या घरातल्या मुलींना आम्ही हे आता स्पष्ट सांगितले आहे.

गर्भाशयमुख: ज्याबद्दल बोललेच जात नाही

पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसणे, दोन पाळ्यांच्या मधे रक्त जाणे, पती-पत्नीच्या संबंधानंतर रक्त येणे, घाण वासाचे पाणी जाणे, ओटीपोटात सतत दुखणे ही याची लक्षणे. 'वयानुसार होते' म्हणून बायका ती सोडून देतात. पाळी गेल्यावर एकदा जरी रक्त दिसले तरी दाखवावे.

हा कर्करोग बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. तो शरीरसंबंधातून येतो, पण इतका सर्रास आढळतो की त्यावरून कोणाच्या चारित्र्याचा निवाडा करणे हा सरळ अन्याय आहे. संसर्गानंतर कर्करोग व्हायला बहुधा कित्येक वर्षे जातात आणि बहुतेक बायकांचे शरीर विषाणूला स्वतःच हटवते. खतन्यामुळे धोका काहीसा कमी होतो असे अभ्यासांत दिसले आहे, पण तो नाहीसा होत नाही. 'आपल्या लोकांत हा आजार नसतो' ही समजूत सोडून द्यावी.

यावर लस आहे. जागतिक आरोग्य संघटना ती ९ ते १४ वर्षांच्या मुलींना देण्याची शिफारस करते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या भारतीय लसीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. मुलीच्या बाबतीत डॉक्टरांशी बोलून घ्या. लस घेतली तरी पुढे तपासणी करावीच लागते.

तपासणारी बाईच असू शकते

खालाची अडचण पुरुष डॉक्टरांची होती. तिला आपण 'अडाणी' म्हणून उडवून लावू नये. या अडचणीवर मार्ग आहे, आणि तो आपल्याच महाराष्ट्रात सिद्ध झाला आहे.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून झोपडपट्टीतल्या सुमारे दीड लाख बायकांवर एक अभ्यास केला. दहावी शिकलेल्या स्थानिक बायकांना काही आठवडे प्रशिक्षण देण्यात आले. त्यांनी दर दोन वर्षांनी बायकांची छाती हाताने तपासली आणि गर्भाशयमुखाला पातळ व्हिनेगर लावून पाहिले. जिथे ही तपासणी झाली तिथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यूही जवळपास ३० टक्क्यांनी घटले. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या साथीने खेड्यांतल्या १ लाख ३१ हजार बायकांवर असाच अभ्यास झाला. त्यात एका गटाची एचपीव्ही तपासणी फक्त एकदाच केली, तरी आठ वर्षांत त्या गटातले गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे राहिले.

सरकारच्या कार्यक्रमानुसार ३० वर्षांवरच्या सर्वांची तोंडाची आणि बायकांची स्तन व गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत होते. गल्लीतल्या आशाताईला दिवस आणि वेळ विचारा. नर्स किंवा बाई डॉक्टरच हवी, असे सांगायला संकोच करू नका.

तीन गैरसमज

'सुई लावली की गाठ पसरते' असे म्हणून बायोप्सी टाळली जाते. सुईमुळे कर्करोग पसरतो ही भीती निराधार आहे. बायोप्सीशिवाय उपचार ठरवता येत नाहीत. 'हा आजार लागतो' असे समजून रुग्णाचे ताट वेगळे केले जाते. कर्करोग जेवणातून किंवा स्पर्शातून लागत नाही. 'तकदीरमध्ये असेल ते होईल' असे म्हणून कोणी फक्त दम केलेल्या पाण्यावर थांबते. दुआ जरूर करावी, पण प्रेषितांनी (स.) इलाज करून घेण्याचीही शिकवण दिली आहे. शरीर अल्लाहची अमानत आहे, आणि अमानत सांभाळायची असते.

पैशांची काळजी खरी आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार येतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्याला भेटा, मग दागिने मोडण्याचा विचार करा.

आता आमच्या घरी एक पद्धत पडली आहे. दर ईदनंतरच्या आठवड्यात सासू-सुना, नणंद-भावजया मिळून तपासणीला जातात. एकटीला लाज वाटते, चौघींना वाटत नाही. पुढे खालाच असते. एखादी मुलगी 'मला काही होत नाही' म्हणाली, तर खाला तिला म्हणते, 'मलाही काही होत नव्हते, बेटा. चप्पल घाल.'