मूल हट्टी आहे की त्याला शब्द सापडत नाहीयेत?

समजा, वडगाव निंबाळकरमधली एखादी शाळा. मधल्या सुट्टीत सहा वर्षांचा मुलगा मित्राला जोरात ढकलतो. बाई विचारतात, "का रे ढकललंस?" तो खाली बघतो, गप्प राहतो. शिक्का बसतो: हट्टी आहे, मारकुटा आहे.

खरं तर मित्राने आधी त्याची गोटी घेतलेली असते. पण 'त्यानं माझी गोटी घेतली म्हणून मला राग आला' एवढं वाक्य त्याला वेळेवर जुळवता येत नाही.

हा प्रकार काय आहे?

काही मुलांना ऐकू नीट येतं, ऑटिझम नसतो, बौद्धिक अपंगत्वही नसतं. तरी शब्द आठवणं, वाक्य जुळवणं, लांब सूचना समजणं जड जातं. डोरोथी बिशप यांच्या पुढाकाराने जमलेल्या तज्ज्ञांनी २०१७ मध्ये याला 'डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर' हे नाव सुचवलं. इंग्लंडमधल्या २०१६ च्या एका अभ्यासात हे प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास निघालं. म्हणजे तीसच्या वर्गात साधारण दोन मुलं.

भावनांशी याचा संबंध काय?

राग आवरताना आपण मनातल्या मनात स्वतःशी बोलतो. खेळात 'आता माझा डाव' म्हणून भांडतो, चिडवलं तर उत्तर देतो. या सगळ्याला भाषा लागते. ती कमी पडली की मूल हात उचलतं, रडतं किंवा खेळातून बाजूलाच होतं. मित्र कमी झाले की बोलण्याचा सरावही कमी होतो आणि अडचण वाढत जाते.

दोन भाषांमुळे असं होतं का?

नाही. सोमेश्वर कारखान्याच्या हंगामात या भागात ऊसतोड कुटुंबं येतात. घरी बंजारा बोलणारं मूल मराठी शाळेत गप्प बसलं, तर तो विकार नव्हे. विकार असेल तर अडचण घरच्या भाषेतही दिसते. म्हणून आईला विचारा, "घरी नीट बोलतो का?"

मग करायचं काय?

• आधी कानांची तपासणी करा.
• दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नसेल, तर 'बोलेल हळूहळू' म्हणून थांबू नका.
• अंगणवाडी सेविकेला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगा. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणी करायची असते. बोलण्यातला उशीरही त्यात पाहतात. पुढे स्पीच थेरपिस्टकडे पाठवता येतं.
• 'का केलंस?' ऐवजी सोपा पर्याय द्या: "राग आला की भीती वाटली?" मग थांबा. उत्तराला वेळ लागतो.
• घरात भावनांना नाव द्या: "बस चुकली, मला वैताग आला."

तुमच्या ओळखीत असं 'हट्टी' मूल आहे? ओरडण्याआधी एकदा विचार करा, त्याला सांगायचं तर नाहीये ना काही?