‘हे सगळं कशासाठी?’ पंडिता रमाबाईंना बायबलमध्ये सापडलेलं काम आणि तुमचा धंदा



शनिवार पेठेतल्या आपल्या बॅचमध्ये पहिल्या दिवशी सगळ्यांना एक प्रश्न असतो: हा धंदा तुम्ही कशासाठी करता? उत्तरं साधारण ठरलेली असतात. पैसे मिळवायला. घर चालवायला. वडिलांचं दुकान होतं म्हणून. तिन्ही खरी आहेत, त्यात लाजण्यासारखं काहीच नाही. पण दहा-बारा वर्षं गेली, कर्जाचे हप्ते फिटले, मुलं मोठी झाली, की एखाद्या सकाळी शटर वर करताना हात जड होतो. गिऱ्हाईक आहे, गल्ल्यात पैसे आहेत, आणि तरी ‘हे सगळं कशासाठी?’ हा प्रश्न पाठ सोडत नाही.

अशा वेळी आपण काय करतो? कुठला तरी सेमिनार लावतो, एक छान वाक्य तयार करतो, ते फ्रेम करून काउंटरमागे लावतो. सहा महिन्यांनी त्या फ्रेमवर धूळ बसते, कारण ते वाक्य आपलं नसतंच.

आज बघूया पंडिता रमाबाईंकडे. त्यांना आयुष्याचं काम बायबलमध्ये सापडलं. कुणी कुठला धर्म घ्यावा, हा आजचा विषय नाही. एका ग्रंथातून एका माणसाला स्वतःचं काम कसं सापडतं आणि ते शेवटपर्यंत कसं टिकतं, एवढंच समजून घ्यायचंय.

बी पडलं पेशवाईतल्या पुण्यात

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्यार्थी म्हणून पुण्यात शिकायला आले होते. त्यांचे गुरू रामचंद्रशास्त्री साठे पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवायला वाड्यावर जात. सोबत गेलेल्या अनंतशास्त्रींच्या कानावर एका बाईच्या तोंडचे संस्कृत श्लोक पडले, आणि आपणही आपल्या बायकोला शिकवायचं असं त्यांनी ठरवलं. शनिवारवाड्यावरून रोज गाडी काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. एका विद्यार्थ्याने पेशव्यांच्या पुण्यात जे ऐकलं, त्यातून पुढे रमाबाई घडल्या.

त्यांचा जन्म १८५८ चा. आईने त्यांना संस्कृत शिकवलं, हजारो श्लोक पाठ झाले. कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरत पुराण सांगायचं. मग दुष्काळ आला. आई, वडील, मोठी बहीण थोड्याच काळात गेले. उरलेली बहीण-भावंडं चालत चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. दोन वर्षांत भाऊ वारला. बिपिन बिहारी मेधावी या वकिलाशी लग्न झालं, आणि दोन वर्षं पुरी व्हायच्या आत, फेब्रुवारी १८८२ मध्ये, तेही कॉलऱ्याने गेले. वय तेवीस, कडेवर वर्षाचीही न झालेली मनोरमा.

प्रश्न आधी, ग्रंथ नंतर

इथे थांबा जरा. रमाबाई ग्रंथाकडे रिकाम्या हाताने गेल्या नव्हत्या. कलकत्त्यात धर्मशास्त्रं वाचताना त्यांना एक गोष्ट खटकली होती. इतर बाबतींत या ग्रंथांचं एकमेकांशी पटत नाही, पण बाईला स्वतःच्या बळावर मोक्ष नाही यावर मात्र सगळ्यांचं एकमत, असं त्यांना दिसलं. तो प्रश्न त्यांनी मनात जपून ठेवला.

नवऱ्याबरोबर आसामात सिल्चरला राहत असताना घरातल्या पुस्तकांत त्यांना एक छोटी पुस्तिका मिळाली: लूकचं शुभवर्तमान, बंगाली भाषेत. ती तिथे कशी आली, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी ती आवडीने वाचली. पण वाचलं आणि दुसऱ्या दिवशी आयुष्य बदललं, असं काही झालं नाही.

नवरा गेल्यावर त्या पुण्यात आल्या. १८८२ मध्ये इथे आर्य महिला समाज काढला आणि हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली. बायकांसाठी बायका डॉक्टर हव्यात, शिक्षिका हव्यात, हे त्यांनी सरकारला सांगितलं. स्वतः डॉक्टर व्हायचं ठरवून १८८३ मध्ये इंग्लंडला निघाल्या. ‘स्त्रीधर्मनीति’ या आपल्या पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासाची सोय केली. भांडवल स्वतःच उभं केलं, बरं का!

तिथे गेल्यावर डॉक्टरकीचं दार बंद झालं. ऐकू कमी येत होतं, त्यामुळे वैद्यकीय शिक्षण शक्य नव्हतं. तुमच्या-माझ्या भाषेत, टार्गेट हुकलं. इथे बरेच जण ‘आपल्या नशिबात नाही’ म्हणून परत फिरतात. पण टार्गेट आणि उद्देश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टर होणं हे टार्गेट होतं, बायकांना वाट काढून देणं हा उद्देश. पहिलं गेलं, दुसरा तसाच राहिला.

विहिरीवरची बाई

इंग्लंडमध्ये वाँटेजच्या सिस्टर्सकडे त्या राहिल्या. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी तिथे बाप्तिस्मा घेतला. त्या दिवसांतला एक अनुभव रमाबाईंनी पुढे स्वतः लिहून ठेवला आहे. लंडनच्या फुलहॅम भागात या सिस्टर्सचं एक घर होतं. समाजाने ‘वाया गेलेल्या’ ठरवून बाहेर काढलेल्या बायका तिथे राहत, शिकत, काम करत, आणि पुढे स्वतःच इतरांची सेवा करत. असं घर रमाबाईंनी कधी पाहिलं नव्हतं. अशा बायकांशी तुम्ही इतक्या मायेने का वागता, असं त्यांनी विचारलं.

उत्तरादाखल सिस्टरने योहानच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला. गोष्ट अशी. भर दुपारी एक शोमरोनी बाई विहिरीवर पाणी भरायला येते. तिची पाच लग्नं झालेली, आणि आता ज्याच्याबरोबर राहते तो नवरा नाही. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. तरी येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो, आणि देवाबद्दलचं सगळ्यात खोल बोलणं तिच्याशी बोलतो. ती घागर तिथेच टाकून गावात धावते आणि लोकांना बोलावून आणते.

आता बघा काय झालं. कलकत्त्यात पडलेला प्रश्न आणि फुलहॅममध्ये डोळ्यांनी पाहिलेलं काम, या दोन्हींना जोडणारा मजकूर त्या एका अध्यायात मिळाला. उद्देश सापडतो तो असा. मनात खरा प्रश्न हवा. ग्रंथ आपल्या डोळ्यांनी वाचायला हवा. आणि कुणीतरी ते जगून दाखवताना दिसायला हवं. यातलं एक जरी कमी पडलं, तरी हाती येतं ते फक्त फ्रेममधलं वाक्य.

आणखी एक. बाप्तिस्मा घेतला म्हणून रमाबाईंनी डोकं गहाण टाकलं नाही. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रांतून वाद चाले. चर्चची अधिकारी माणसं सांगतात म्हणून मी मानणार नाही, बायबल वाचून मला पटेल तेच मानीन, अशी त्यांची भूमिका होती. शाकाहारही त्यांनी सोडला नाही. ग्रंथातून दिशा घ्यायची म्हणजे कुणाच्या तरी सांगण्यावर मान डोलवायची, असं नव्हे.

खरी परीक्षा पैशाच्या वेळी

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी. तिथे इंग्रजीत पुस्तक लिहिलं, व्याख्यानं दिली, आणि बोस्टनच्या मंडळींनी रमाबाई असोसिएशन काढून त्यांच्या शाळेला दहा वर्षं पैसे द्यायचं कबूल केलं. अट एकच: शाळेत धर्मप्रसार नाही. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. पहिल्या विद्यार्थिनींत बालविधवा गोदूबाई होत्या. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला.

तेव्हाचं पुणं डोळ्यांसमोर आणा. त्याच १८९० मध्ये शनिवार पेठेतून चालत जाता येईल अशा पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींनी चहा घेतला, एवढ्यावरून मोठं ग्रामण्य उठलं. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांनाही त्यात प्रायश्चित्ताला सामोरं जावं लागलं. नुसत्या चहाला ही किंमत, तर सदनाचं काय झालं असेल!

रमाबाई आपल्या खोलीत बायबल वाचायच्या, प्रार्थना करायच्या, आणि दार उघडं असायचं. काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये वाद पेटला. ‘केसरी’ने टीका केली, रानडे आणि भांडारकर सल्लागार समितीतून बाहेर पडले, पालकांनी पंचवीसएक मुली काढून नेल्या. दोन्ही बाजू समजून घ्या. रमाबाईंचं म्हणणं, माझ्या खोलीत मी माझी श्रद्धा लपवणार नाही. पालकांचं म्हणणं, तटस्थ शाळा म्हणून आम्ही विश्वासाने मुली पाठवल्या. पालकांची भीती खोटी नव्हती, आणि रमाबाईंचं दारही बंद झालं नाही.

धंदेवाल्यांनी यातून एक गोष्ट घ्यायची. तुमचा उद्देश आणि तुम्ही गिऱ्हाइकाला दिलेला शब्द यांत अंतर राहिलं, तर एक दिवस तिथेच भांडण होतं. तेव्हा पैसे घेण्याआधीच उद्देश उघड सांगा. रमाबाईंनी पुढे नेमकं हेच केलं. केडगावची मुक्ती ही संस्था त्यांनी उघडपणे ख्रिस्ती म्हणूनच चालवली.

केडगावचं गणित

बोस्टनचे पैसे दहा वर्षांनी थांबणार हे ठाऊक होतं. म्हणून त्यांनी आधीच दौंडजवळ केडगावला जमीन घेतली, विहिरी खणल्या, संत्री, लिंबं, आंबे लावले. उत्पन्नावर संस्था चालावी हा हिशोब. झाडं मोठी व्हायच्या आत १८९६-९७ चा दुष्काळ आला. लहानपणी दुष्काळात आई-वडील गमावलेली ही बाई मध्य प्रांतात गेली आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आली. त्यातच पुण्यात प्लेग. एवढी माणसं शहरात ठेवायला परवानगी मिळेना, म्हणून सगळा मुक्काम केडगावच्या शेतावर. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्या माणसांना नुसतं जेवू घालून भागत नाही. तिथे हातमाग होते, तेलाचा घाणा होता, दुधाचं काम, शिवणकाम, शेती, शाळा आणि छापखाना होता. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामं मुली-बायका करत. आंधळ्यांना मनोरमाबाईंनी ब्रेल शिकवली. आणि फुलहॅममध्ये पाहिलेल्या बायकांसारख्यांसाठी वेगळं घर उभं राहिलं: कृपासदन. विहिरीवरच्या बाईची गोष्ट शेवटी विटा-मातीत उतरली.

शेवटची पंधराहून अधिक वर्षं रमाबाईंनी आणखी एक काम घेतलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून बायबल मराठीत आणायचं, आणि तेही खेड्यातल्या साध्या बाईला समजेल अशा सोप्या मराठीत. संस्कृतची एवढी मोठी पंडिता सोपं लिहायला बसली. भाषांतर हातावेगळं करून ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. मुक्ती मिशन आजही केडगावला आहे.

ग्रंथ तोच, काम वेगळं

‘मग बायबल वाचलं की सगळ्यांनी अनाथाश्रमच काढायचा का?’ अजिबात नाही. १८९३ मध्येच नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत नारायण वामन टिळकांना एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला. टिळक तेव्हा नोकऱ्या बदलत फिरणारे कवी. मत्तयच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनाने ते भारावले आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्यांनी केलं काय? जे हातात होतं तेच वापरलं: अभंग, कीर्तन, मराठी कविता. येशूला त्यांनी वारकऱ्याच्या भाषेत आणलं.

याची झळ घरालाही बसली. लक्ष्मीबाई जवळजवळ पाच वर्षं वेगळ्या राहिल्या आणि नंतर स्वतःच्या विचाराने त्या वाटेवर आल्या. ‘स्मृतिचित्रे’ वाचा, म्हणजे कळेल की एकाला सापडलेल्या उद्देशाचं बिल पुष्कळदा घरातलं दुसरंच माणूस भरतं. म्हणून नवं काही ठरवण्याआधी घरी बोला.

आता तुमचं काम

या आठवड्याचा गृहपाठ. ग्रंथ तुमच्या घरातला घ्या: ज्ञानेश्वरी, गाथा, धम्मपद, कुराण, जो असेल तो. बायबल उघडणार असाल, तर या तीन जागा.

१. योहान, अध्याय ४. विहिरीवरची बाई. वाचून लिहा: माझ्या दुकानात, माझ्या बाजारात कुणाला कुणी मोजतच नाही?

२. मत्तय, अध्याय २५, ओवी १४ पासून. मालक तीन चाकरांकडे पैसे सोपवून जातो. दोघे ते वाढवतात, तिसरा भीतीने जमिनीत पुरून ठेवतो. लिहा: माझ्याकडचं कुठलं कसब मी पुरून ठेवलंय? रमाबाईंचं होतं संस्कृत, टिळकांची कविता. तुमचं काय?

३. लूक, अध्याय ४, ओवी १६ पासून. नासरेथच्या सभास्थानात येशू आपलं काम काय आहे हे भर सभेत वाचून सांगतो, आणि गावकरी शेवटी त्याच्या अंगावर येतात. लिहा: माझा उद्देश उघड सांगितला तर कोण नाराज होईल, किती गिऱ्हाईक जाईल, आणि तरी मी तो सांगेन का?

एका बैठकीत तिन्ही उत्तरं येणार नाहीत, घाई करू नका. बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षांनी रमाबाईंनी स्वतः लिहिलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडायचा राहिला होता. म्हणजे शोध चालूच होता, आणि शाळाही चालूच होती. काम थांबवून उद्देश शोधायला बसू नका. दुकान उघडं ठेवा, वाचत राहा.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कमेंटमध्ये नक्की लिहा. पुढच्या व्हिडिओत आपण उद्देश आणि रेटकार्ड यांचा मेळ कसा घालायचा ते बघू. तोवर धंदा सांभाळा, माणसं सांभाळा!