रंग पातळ का करायचा?

मंडळी, आज तुम्हांला एक लहानशी फजिती सांगणार आहे, आणि तिच्या निमित्ताने एका हस्तकलेतले थोडे शास्त्र. फजिती दुसऱ्या कुणाची नाही, माझीच आहे. त्यामुळे सांगायला संकोच नाही.

नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमानांचा कारखाना आहे. मिग-२१ जातीची लढाऊ विमाने तेथे अनेक वर्षे तयार झाली. हे विमान १९६३ साली आपल्या हवाई दलात दाखल झाले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे त्याला निरोप देण्यात आला. निरोपाची ती बातमी आम्ही वर्गात वाचली. आमचे गाव ओझरच्या पंचक्रोशीतले. बऱ्याच घरांतली माणसे त्या कारखान्यात राबलेली. आठवीतली मुले म्हणाली, "गुरुजी, या विमानाची प्रतिकृती करून शाळेत ठेवू या."

प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचा एक संच आणला. प्रमाण एकास बहात्तर. म्हणजे खऱ्या विमानावरचे ७२ सेंटिमीटर ते प्रतिकृतीवर १ सेंटिमीटर. खरे विमान पंधरा मीटरांच्या घरातले, तेव्हा आमचे विमान जेमतेम एक वीत लांबीचे झाले. मुलांनी शाळा सुटल्यावर बसून भाग चिकटवले, सांधे बारीक पॉलिश पेपरने घासले. दोन आठवडे गेले. मग रंगकामाला मी पुढे झालो. राखाडी अ‍ॅक्रिलिक रंगाची बाटली उघडली, ब्रश बुडवला आणि एकावर एक दोन जाड हात दिले. विमान कसे चकचकीत दिसू लागले!

दुसऱ्या दिवशी एका मुलाचे आजोबा ते पाहायला आले. कारखान्यात फिटर म्हणून त्यांचा जन्म गेला. त्यांनी विमान हातात घेतले, पंखावरून अंगठा फिरवला आणि विचारले, "गुरुजी, इथली झाकणं कुठं गेली? ती उघडण्यात अन् लावण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं."

झाकणे होती, त्यांच्या कडांच्या केसासारख्या बारीक रेघा प्लॅस्टिकवर कोरलेल्या होत्या. माझ्या रंगाने त्या भरून टाकल्या. ते विमान सजले नव्हते, बुजले होते.

असे का झाले? शिक्षकबंधूंनो, हे गणित फळ्यावर मांडण्याजोगे आहे. वहीच्या एका कागदाची जाडी साधारण एक दशांश मिलिमीटर असते. रंगाचा थर तेवढा जाड बसला असे धरा. आता त्याला ७२ ने गुणा. उत्तर येते ७.२ मिलिमीटर. म्हणजे खऱ्या विमानावर पाऊण सेंटिमीटर जाडीचा गिलावा केल्यासारखे झाले! अशा गिलाव्याखाली झाकणाची फट कशी दिसणार? वस्तू जितकी लहान केली, तितका रंगाचा थरही लहान करायला हवा. रंग पातळ करण्यामागचे सारे कारण एवढेच आहे.

आता रंग पातळ करायचा तो कशाने? आपल्या हाताला सवय असते तेलरंगाची. दाराखिडक्यांचा रंग घट्ट झाला की आपण टर्पेंटाईन ओततो, नाहीतर रॉकेल. अ‍ॅक्रिलिक रंगात यातले काहीही चालत नाही. या रंगात तीन गोष्टी असतात: रंगाची पूड, अ‍ॅक्रिलिक नावाची राळ, आणि त्यांना वाहून नेणारा द्रव. बऱ्याच रंगांत राळेचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात, दुधात स्निग्धांश तरंगतो तसे. पाणी उडून गेले की हे कण एकमेकांजवळ येतात, एकजीव होतात आणि त्यांचा पापुद्रा बनतो. एकदा असा पापुद्रा बसला की तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही.

"मग साधे पाणीच घालावे, त्यात काय बिघडले?" असे तुम्ही विचाराल. थोडे पाणी चालते. पण फार पाणी घातले की दोन गोष्टी बिघडतात. अळवाच्या पानावर पाणी कसे थेंब धरून बसते, ते तुम्ही पाहिले आहे. प्लॅस्टिकवर पाणचट रंग तसाच गोळा होतो, पसरत नाही. आणि राळ विरळ झाल्यामुळे पापुद्रा दुबळा राहतो, नख लागले तरी निघतो. म्हणून रंग बनवणाऱ्यांनी त्या त्या रंगासाठी जो थिनर काढलेला असतो, तो वापरणे उत्तम.

येथे एक सावधगिरी घ्या. अ‍ॅक्रिलिक म्हणून विकले जाणारे सगळे रंग एका जातीचे नसतात. स्पेनमधील वाय्येहो कंपनीचा रंग पाण्याच्या जातीचा आहे. जपानमधील तामिया कंपनीच्या रंगाला पाणी चालते, पण त्याची खरी मैत्री अल्कोहोलशी. त्याच्या थिनरला स्पिरिटासारखा वास येतो. एकाचा थिनर दुसऱ्यात घालू नका. पाण्याच्या जातीच्या रंगात अल्कोहोल पडले, तर नासलेल्या दुधासारख्या गाठी होतात आणि तो रंग फुकट जातो. नवी बाटली आणली की एका झाकणात दोन थेंब रंग आणि दोन थेंब थिनर घालून आधी पाहून घ्यावे. दोन थेंब वाया जातील, बाटली वाचेल.

प्रमाण किती? सुरुवातीला एक भाग रंग आणि एक भाग थिनर घ्या. तामियासारख्या रंगाला कधी कधी दीड-दोन भागही लागतात. काही बाटल्यांतला रंग फवारणीसाठी मुळातच पातळ केलेला असतो, त्यात बहुधा काही घालावे लागत नाही. पण प्रमाणापेक्षा डोळ्यांवर भिस्त ठेवा. साय काढलेल्या दुधाइतका पातळपणा हवा. पेल्याच्या कडेला आतून थोडा रंग लावा. तो खाली ओघळला आणि मागे फिकट रंगाचा सलग पदर राहिला, तर ठीक. ओघळलाच नाही, तर घट्ट आहे. मागे काहीच न ठेवता निथळला, तर फार पातळ झाला. थिनर ओतू नये, ड्रॉपरने थेंब थेंब घालावा. मिश्रण नीट ढवळून जुन्या नायलॉनच्या कापडातून गाळून घ्यावे.

पातळ केलेला रंग मारायचे उत्तम साधन म्हणजे एअरब्रश. नावात ब्रश आहे, पण त्याला केस नसतात. जाड पेनाएवढे ते यंत्र. डासांवर औषध मारायचा जुना हातपंप तुम्हांपैकी पुष्कळांनी वापरला असेल. दांडा दाबला की हवा जोरात सुटते, ती नळीच्या तोंडावरून जाताना तेथला दाब कमी होतो, औषध वर खेचले जाते आणि त्याचे तुषार होतात. एअरब्रशचे तत्त्व तेच. फरक एवढाच की याचे तोंड फार बारीक, बहुधा ०.३ मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यात एक सुई असते. नेहमीच्या दुहेरी खटक्याच्या यंत्रात खटका खाली दाबला की हवा सुटते आणि मागे ओढला की रंग सुटतो. आधी हवा, मग रंग. थांबताना आधी रंग बंद, मग हवा. हा क्रम हातात बसला की निम्मे काम झाले.

हवा येते छोट्या कॉम्प्रेसरमधून. मोटारसायकलच्या चाकात आपण पंचवीस-तीस पौंड हवा भरतो. येथे पंधरा ते वीस पौंड पुरते. रंग जितका पातळ, तितका दाब कमी. प्रतिकृतीपासून यंत्र पाच ते दहा सेंटिमीटरांवर धरावे. रंगाची घट्टी, हवेचा दाब आणि हाताचे अंतर या तिघांचा मेळ बसला पाहिजे. एक बदलला की उरलेले दोन पाहावे लागतात.

मेळ चुकला की काम स्वतःच बोलते. रंग थेंबाचे पाय फुटल्यासारखा कोळ्यागत पसरला, तर तो फार पातळ आहे किंवा यंत्र फार जवळ आहे. पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा उमटला, तर रंग घट्ट आहे. हाताला खरखरीत, पिठासारखा लागला, तर तुषार वाटेतच वाळले. यंत्र लांब होते किंवा हवा तापलेली होती. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी हे हमखास होते. तेथे काम सकाळी करावे आणि रंगात वाळणे लांबवणारा द्राव एखादा थेंब घालावा. कोकणात पावसाळ्यात याच्या उलट. थर लवकर वाळत नाही आणि कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी साचते. म्हणून हवेतील पाणी अडवणारी बाटली जोडलेली असावी आणि दोन थरांत जास्त वेळ सोडावा.

प्रत्यक्ष काम करताना आधी प्रतिकृती साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन वाळवा. साच्यातला तेलकटपणा आणि बोटांचे डाग जातात. मग प्रायमरचा एक हलका हात. त्यानंतर रंगाचा पहिला थर नुसता धुके पडल्यासारखा, खालचे प्लॅस्टिक दिसेल इतका विरळ. तो वाळू द्या. मग दुसरा, मग तिसरा. फवारा विमानाच्या कडेबाहेर सुरू करावा आणि पलीकडे बाहेरच थांबवावा. मध्येच थांबलात तर तेथे डबके होते. पहिल्या थरात रंग भरला नाही म्हणून मुले अधीर होतात. त्यांना सांगा, तीन विरळ थर मिळूनही एका जाड हाताहून पातळच असतात.

काम संपताच यंत्र धुवा. जेवण झाल्यावर धुऊ म्हणालात, तर तोवर तोंडात पापुद्रा बसलेला असतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. पाण्याचा रंग आहे, मग निर्धोक आहे, असे समजू नका. बाटलीतला रंग वेगळा आणि हवेत उडालेले तुषार वेगळे. ते इतके सूक्ष्म असतात की श्वासाबरोबर छातीत खोल जातात. नाकाला रुमाल बांधून भागत नाही, गाळणीचा योग्य मास्क हवा. अल्कोहोलच्या जातीच्या रंगाला वाफ अडवणारा. खिडक्या उघड्या ठेवा. अल्कोहोल पेट घेते, म्हणून जवळ चूल, स्टोव्ह, बिडी काही नको. एका वेळी एकाच मुलाने यंत्र धरावे, मास्क लावून आणि शिक्षकांच्या देखत. बाकीच्यांनी लांब उभे राहावे. प्रतिकृती पुन्हा करता येते, मुलांची फुफ्फुसे नाही.

ज्या शाळेला यंत्र घेणे जमत नाही, तिने हिरमुसू नये. याच रीतीने पातळ केलेला रंग मऊ, चपट्या ब्रशने एकाच दिशेने लावा, पूर्ण वाळू द्या आणि पुन्हा लावा. एकदा फिरवलेल्या ओल्या जागी परत ब्रश नेऊ नका. तीन-चार हात लागतील, पण रेघा बुजणार नाहीत.

आमच्या विमानाचे काय झाले? रंग तामियाचा होता आणि ताजा होता. मी मास्क आणि हातमोजे घालून, व्हरांड्यात बसून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो सारा काढला. मऊ टूथब्रशने रेघा मोकळ्या करायला दोन संध्याकाळी लागल्या. मुले काही बोलली नाहीत, पण त्यांची दोन आठवड्यांची मेहनत मी एका तासात झाकून टाकली होती, हे त्यांनाही कळत होते आणि मलाही. मग एका ओळखीच्या मूर्तिकाराकडून एअरब्रश मागून आणला, जुन्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांवर तीन दिवस हात बसवला आणि मगच विमानाला हात लावला.

आजोबांना पुन्हा बोलावले. त्यांनी चष्मा लावला, पंखावर नख टेकवले आणि नातवाला जवळ घेऊन एकेक झाकण दाखवू लागले: "हे बघ, हे इथं. अन् याच्या आत काय असायचं, सांगू का?"

त्या दिवशी आमच्या वर्गाचा शेवटचा तास त्यांनीच घेतला.