तापलेल्या टोकाची चित्रं

वाशीम जिल्ह्यात कारंजा लाडच्या काष्ठासंघ जैन मंदिरातलं लाकडावरचं कोरीवकाम पाहिलं, की आपणही लाकडावर काही करावं असं वाटू लागतं. छिन्नी-पटाशी हाती धरली नसेल त्यांच्यासाठी पायरोग्राफी आहे: तापलेल्या टोकानं लाकूड भाजून चित्र काढण्याची कला.

सुरुवातीला २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न पुरतं. ते नवंच घ्यावं. जुन्या टोकाला शिसं चिकटलेलं असतं.

खरी निवड लाकडाची. सागवान देखणं, पण तेलकट आणि गडद रेषांचं. बारीक चित्र त्यात हरवतं. शिवण किंवा हेदूचा फिकट, एकसारख्या पोताचा तुकडा सुताराकडून मिळवावा, २२० नंबरच्या पॉलिशपेपरनं घासावा. टोक सावकाश सरकलं की रेघ काळी उमटते, भरभर सरकलं की बदामी. दाबलं तर नुसता खड्डा!

प्लायवूड, एमडीएफ, वार्निश लावलेलं लाकूड कटाक्षानं टाळावं, त्यांचा धूर घातक असतो. खिडकी उघडी, तोंडाला मास्क हवाच.

पहिल्या चित्रासाठी कारंजा-सोहोळ अभयारण्यातला काळवीट घ्यावा. पिळदार शिंगांवर रेघांचा सराव होतो, पाठ गडद भाजायची आणि पांढऱ्या पोटाच्या जागी लाकूड कोरंच ठेवायचं.