गाणं आणि श्रद्धा (भाग ९) : अंडरओथचे दोन गळे

२० जून २००६ रोजी अमेरिकेतल्या दुकानांत 'डिफाइन द ग्रेट लाइन' हा अल्बम आला आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या सुमारे ९८ हजार प्रती खपल्या. बिलबोर्डच्या दोनशे अल्बमांच्या यादीत तो थेट दुसऱ्या जागी जाऊन बसला. त्याच्या वर होता फक्त नेली फुर्टाडोचा 'लूज'. फुर्टाडोची गाणी त्या उन्हाळ्यात रेडिओवर सतत वाजत होती. याउलट या अल्बममधलं एखादं गाणं कुणी सहज गुणगुणेल, अशी शक्यता फार कमी. निम्म्याहून अधिक वेळ एक तरुण छातीच्या तळातून टाहो फोडत असतो, गिटारी एकमेकींना धडका देत असतात आणि ताल मध्येच मोडून नव्याने जुळतो. हा बँड होता फ्लोरिडाचा अंडरओथ. आणि तो स्वतःला ख्रिस्ती बँड म्हणवत होता.

लॅरी नॉर्मनच्या १९६९च्या 'अपॉन धिस रॉक'पासून अमेरिकेत ख्रिस्ती रॉकची वेगळी बाजारपेठ कशी उभी राहिली, ते आपण या मालेत आधी पाहिलं आहे. तिच्या स्वतःच्या रेकॉर्ड कंपन्या होत्या, रेडिओ केंद्रं होती, डव्ह नावाचे पुरस्कार होते आणि मुख्य म्हणजे धार्मिक पुस्तकांची दुकानं होती. त्या दुकानांत पालकांसाठी तक्ते लावलेले असत : तुमच्या मुलाला अमुक बँड आवडत असेल तर त्याऐवजी हा ख्रिस्ती बँड घ्या. म्हणजे गाणं बाहेरच्यासारखं वाजलं तरी चालेल, शब्द मात्र घरचे हवेत आणि ते स्पष्ट ऐकू यायला हवेत. शेवटी दिलासा मिळाला पाहिजे, हाही एक अलिखित नियम.

१९९३मध्ये ब्रँडन इबेलने टूथ अँड नेल ही कंपनी काढली आणि ही चौकट सैल केली. चार वर्षांनी त्याने जड, कर्कश संगीतासाठी सॉलिड स्टेट ही तिची शाखा सुरू केली. या कंपन्यांना मिळालेली मुलं तक्त्यातल्या पर्यायांसारखी नव्हती. रविवारी चर्चमध्ये जाणारी आणि शनिवारी रात्री एखाद्या सभागृहात हार्डकोर ऐकायला जाणारी ती एकच मुलं होती. त्यांना नक्कल करायची नव्हती, ते त्यांचंच संगीत होतं. मराठी ख्रिस्ती वाचकांना यात फारसं नवल वाटणार नाही. नारायण वामन टिळकांनी येशूची भक्ती अभंगात आणि कीर्तनात आणली, तेव्हा त्यांनीही आपल्या मातीतली चाल परकी मानली नव्हती.

आता पोस्ट-हार्डकोरविषयी. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी वॉशिंग्टनमध्ये मायनर थ्रेटसारखे बँड दीड-दोन मिनिटांची, सुसाट वेगाची, रागाने भरलेली गाणी वाजवत. ते हार्डकोर. काही वर्षांतच त्याच शहरातल्या राइट्स ऑफ स्प्रिंग आणि पुढे फुगाझी यांना तो साचा अपुरा वाटू लागला. त्यांनी वेग कमी-जास्त केला, शांततेला जागा दिली, आणि जगावरचा राग आत वळवून स्वतःवर आणला. २०००च्या आसपास अ‍ॅट द ड्राइव्ह-इन आणि थर्सडे यांनी तो प्रवाह मोठ्या श्रोतृवर्गापर्यंत नेला. याच सुमारास एक रचना रूढ झाली. एक जण किंचाळतो, दुसरा सुरात गातो, आणि गाणं त्या दोघांच्या मध्ये कुठेतरी घडतं.

किंचाळणं म्हणजे नुसती आरडाओरड, असा समज सर्रास आढळतो. तो खरा नाही. आपल्या स्वरतंतूंच्या वर पडद्यांची आणखी एक जोडी असते. बोलताना किंवा गाताना तिचं फारसं काम नसतं. सरावलेला गायक ती जोडी कंपित करून आवाजाला खरखर आणतो आणि पोटातल्या श्वासाचा नेमका दाब देऊन तो आवाज तोलून धरतो. माइकमधून जे प्रचंड वाटतं, ते प्रत्यक्षात बऱ्याचदा मध्यम आवाजातच काढलेलं असतं. हे जमलं नाही तर काही महिन्यांत गळा बसतो. यात शिस्त आहे, आणि ती कमवावी लागते.

अंडरओथची सुरुवात १९९७ची, फ्लोरिडातल्या ओकाला गावातली. पहिला गायक डॅलस टेलर २००३मध्ये गेला आणि उत्तर कॅरोलायनातून स्पेन्सर चेंबरलेन आला. ड्रमवर होता एरन गिलेस्पी, आणि तोच ड्रम वाजवता वाजवता सुरेल भाग गायचा. रंगमंचावर पुढे किंचाळणारा, मागे गाणारा. २००४च्या 'दे आर ओन्ली चेझिंग सेफ्टी'त या जोडीने कमाल केली. गिलेस्पीची ध्रुवपदं इतकी गोड होती की एरवी हे संगीत न ऐकणारी मुलंही ती म्हणू लागली. तोच अल्बम पुन्हा केला असता तर तो नक्की खपला असता. त्यांनी ते केलं नाही, आणि माझ्या मते इथेच या बँडची खरी थोरवी आहे.

नवा अल्बम अटलांटात मॅट गोल्डमन आणि किलस्विच एंगेजचा गिटारवादक अ‍ॅडम डुटकेविच यांच्या हाताखाली ध्वनिमुद्रित झाला. त्यातून ध्रुवपदं जवळजवळ गायबच झाली. 'इन रिगार्ड्स टू मायसेल्फ' या पहिल्या गाण्यात काही कळायच्या आत चेंबरलेनचा आवाज अंगावर येतो. आधीच्या अल्बममधल्या टोकदार चिरक्या किंकाळीपेक्षा तो कितीतरी खोल आणि जड आहे. 'कास्टिंग सच अ थिन शॅडो' सहा मिनिटांहून लांब आहे, आणि त्याचा मोठा भाग शब्दांविनाच जातो. गिटार हळूहळू थर चढवत राहते, ख्रिस डडलीचे कीबोर्ड मागे धुकं पसरतात, आणि बऱ्याच उशिरा माणसाचा आवाज उगवतो. 'साल्मार्नीर' या तुकड्यात तर बँडचा गायकच नाही. आइसलँडिक शीर्षकाच्या या तुकड्यात बायबलच्या स्तोत्रसंहितेतला मजकूर रशियन भाषेत वाचला जातो. फ्लोरिडातल्या चर्चमध्ये वाढलेल्या मुलाला त्यातला एक शब्दही कळणार नाही, हे ठाऊक असूनच त्यांनी तो अल्बमच्या मधोमध ठेवला आहे. संदेश स्पष्ट ऐकू आला पाहिजे, या दुकानी नियमाला दिलेलं इतकं शांत उत्तर माझ्या ऐकण्यात दुसरं नाही.

स्तोत्रसंहितेची आठवण मला या अल्बमभर येत राहते. ती स्तुतीची पोथी आहे अशी आपली समजूत असते, पण तिच्यातल्या दीडशे स्तोत्रांपैकी फार मोठा भाग तक्रारीचा आहे. देव ऐकत का नाही, तो लपून का बसला आहे, आणखी किती काळ वाट पाहायची, असं स्तोत्रकर्ते थेट विचारतात. बहुतेक विलाप शेवटी विश्वासाकडे वळतात. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र मात्र वळत नाही, ते अंधारातच संपतं. ज्यांनी हा ग्रंथ पवित्र म्हणून जपला, त्यांनी तेही तसंच ठेवलं, खाली दिलाशाची एखादी ओळ जोडली नाही. आधुनिक उपासनागीतांनी यातली स्तुती घेतली आणि तक्रार गाळली. अंडरओथने ती परत आणली.

म्हणूनच दोन गळ्यांची जोडी इथे वेगळं काम करते. आधीच्या अल्बममध्ये किंकाळी प्रश्न विचारायची आणि गिलेस्पीचा गोड सूर येऊन तो प्रश्न मिटवायचा. निदान ऐकणाऱ्याला तसं वाटायचं. 'डिफाइन द ग्रेट लाइन'मध्ये तो सूर कमी वेळा येतो, आणि येतो तेव्हा तोही थकलेला असतो. उत्तर द्यायला आलेला माणूसच मध्ये थांबून तोच प्रश्न विचारू लागतो. 'टू हूम इट मे कन्सर्न' या सुमारे सात मिनिटांच्या अखेरच्या गाण्यात थोडा उजेड येतो, पण तोही फार चालून आलेल्या माणसाला दिसावा तसा येतो. चर्चमध्ये साक्ष द्यायची पद्धत असते. मी पूर्वी असा होतो, देव भेटला, आता मी असा आहे. या अल्बममधली साक्ष पहिल्या दोन पायऱ्यांमध्येच अडकलेली आहे आणि ती तशी असल्याचं लपवत नाही.

त्याच उन्हाळ्यात वॉर्प्ड टूर या फिरत्या महोत्सवातून बँड मध्येच बाहेर पडला. आपसांतली मैत्री सावरायची आहे, एवढंच तेव्हा सांगितलं गेलं. पुढे अनेक मुलाखतींत चेंबरलेनने त्या काळातल्या स्वतःच्या व्यसनाविषयी उघडपणे सांगितलं. मैफलींत गाण्यांच्या मध्ये येशूविषयी बोलणारा बँड, धार्मिक दुकानांत मांडलेला त्यांचा अल्बम, आणि त्या अल्बमवर गाणारा तरुण आतून ढासळलेला. त्याच वर्षी अल्बमला पाच लाख प्रतींचा सुवर्ण दर्जा मिळाला. जे बोलायची सोय नव्हती ते त्या किंकाळीत शिरलं होतं, आणि लाखो मुलांनी ते ओळखलं, असं मी मानते. ती मुलंही अशाच घरांत वाढत होती, जिथे शंका घेणं म्हणजे घसरणं.

पुढचा इतिहास थोडक्यात. गिलेस्पी २०१०मध्ये बाहेर पडला आणि त्याने चर्चसाठी उपासनागीतं केली. २०१३मध्ये बँड थांबला, २०१५मध्ये गिलेस्पीसह पुन्हा जमला. २०१८च्या 'इरेझ मी'त त्यांच्या गाण्यात प्रथमच शिवी आली, आणि आम्ही आता ख्रिस्ती बँड नाही असं त्यांनी सांगून टाकलं. त्यातल्या 'ऑन माय टीथ'ला पुढच्या वर्षी ग्रॅमीचं नामांकन मिळालं. काही चाहते दुखावले. काहींना हायसं वाटलं, कारण तेही त्याच वाटेने चर्चबाहेर आले होते. एका बँडमध्ये वेगवेगळ्या श्रद्धांची माणसं वाजवू शकतात, आणि सगळ्यांच्या वतीने एका शिक्क्याने बोलायची गरज नाही, ही त्यांची भूमिका मला पटते.

पटत नाही ते एवढंच, की काही जण आता मागे जाऊन २००६चा अल्बम खोटा ठरवतात. आज श्रद्धा नाही, म्हणजे तेव्हाही नव्हती, असा तो हिशेब. पण अल्बम ऐकला तर त्यात पक्क्या श्रद्धेचा दावाच सापडत नाही. ज्याच्यावर विश्वास नाही, त्याच्याशी कुणी इतकं कळवळून भांडत नाही.

नव्याने ऐकणाऱ्यांनी सुरुवात 'रायटिंग ऑन द वॉल्स'पासून करावी. अल्बममधलं त्यातल्या त्यात हाताला लागणारं गाणं तेच. मग 'कास्टिंग सच अ थिन शॅडो' आणि त्यानंतर अल्बम पहिल्यापासून, हेडफोन लावून, मोडत-जुळत जाणाऱ्या ड्रमकडे लक्ष ठेवून. चेंबरलेनचे शब्द पहिल्या खेपेला कळणार नाहीत, ते पुढ्यात घेऊन बसावं.

पुढच्या आठवड्यात फिलाडेल्फियाला जाऊ. तिथल्या मीविदाउटयू या बँडचा गायक एरन वाइस सूफी घरात वाढला, आणि ख्रिस्ती कंपनीसाठी केलेल्या त्यांच्या २००९च्या अल्बममध्ये श्रीलंकेहून आलेल्या तमिळभाषी सूफी गुरूच्या, बावा मुहैयद्दीन यांच्या, गोष्टी आहेत.