चौकट घ्या, पण प्रश्न बदलणार असतील तरच

नवं शैक्षणिक धोरण आल्यापासून एम.ए.च्या मुलामुलींना संशोधन प्रकल्प करावा लागतो, आणि तो एकाच विषयाच्या कुंपणात अडकू नये अशी अपेक्षाही असते. विषय मुलं छान आणतात. कुणी यावल-रावेरची केळी घेतं, कुणी बहिणाबाईंच्या कवितेतली बायकांची शेतकामं. घोडं अडतं ते दुसऱ्या प्रकरणावर, म्हणजे 'सैद्धांतिक चौकट' या मथळ्याखाली काय लिहायचं इथे. मी जळगावात राज्यशास्त्र शिकवतो, त्यामुळे असे बरेच प्रकल्प हाताखालून गेले. मार्क्स, फुको, स्त्रीवाद, उत्तर-आधुनिकता असे सगळे दुसऱ्या प्रकरणात हजेरी लावतात आणि तिसऱ्यापासून एकही पुन्हा दिसत नाही. लग्नपत्रिकेत सगळ्या भाऊबंदांची नावं छापावीत, तसा हा प्रकार.

साक्री तालुक्यातली एक विद्यार्थिनी फडपद्धतीवर लिहायचं ठरवून आली, तेव्हा तिच्याही यादीत पाच नावं होती. मी विचारलं, "कसाले?" ती हसली. अहिराणीत विचारलं की मुलं पाठ केलेलं उत्तर देत नाहीत.

ज्यांना फड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पांझरा, मोसम आणि आरम या तापी खोऱ्यातल्या नद्यांवर, धुळे-नाशिक पट्ट्यात, तीन-चारशे वर्षांपासून गावांनी चालवलेली ही सिंचनव्यवस्था. नदीवर एकाखाली एक बंधारे, बंधाऱ्यातून निघणारा पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे, म्हणजेच फड. एका फडात एकच पीक. एकात ऊस, दुसऱ्यात गहू-हरभरा, एखादा पडीक, आणि दरवर्षी पिकांची अदलाबदल. शेतकऱ्याची जमीन साधारणपणे प्रत्येक फडात थोडीथोडी असते. त्यामुळे पाणी कमी पडलं आणि एखादा फड सोडावा लागला, तर झळ सगळ्यांना लागते. पाणी शेतकरी स्वतःच्या हाताने घेत नाही, ते पाटकरी देतो. पिकाची राखण जागल्या करतो आणि या सगळ्यांवर हवालदार. पाटबंधारे खातं नव्हतं तेव्हापासून हे चालत आलं.

आता या विषयावर भूगोलाचा हक्क आहे, इतिहासाचा, अर्थशास्त्राचा आणि समाजशास्त्राचाही. मग चौकट कुणाची घ्यायची?

विद्यार्थिनीच्या यादीत विटफोगेल होता. 1957 साली त्याने मांडलं की मोठ्या सिंचनाची कामं सांभाळायला बळकट केंद्रसत्ता लागते आणि त्यातूनच पूर्वेकडची निरंकुश राज्यं उभी राहिली. पांझरेकाठी हे लागू होत नाही. इथे पाटाचा कारभार गावच चालवत होतं. यादीत गॅरेट हार्डिनही होता. 1968 सालच्या त्याच्या लेखाचा आशय असा की सामाईक कुरण प्रत्येक जण आपल्या फायद्यासाठी ओरबाडतो आणि शेवटी ते सगळ्यांचंच बुडतं. तेही फडाने खोटं पाडलं. म्हणून हे दोघे टाकून द्यायचे असं नाही. पहिल्या पानावर वाद घालायला ते उत्तम, पण प्रकल्पाचा भार त्यांच्यावर टाकता येत नाही.

एलिनॉर ऑस्ट्रॉम मात्र कामाला आली. ही मुळात राज्यशास्त्राची. 1990 सालच्या पुस्तकात तिने स्पेनमधले पाट, फिलिपाइन्समधल्या शेतकऱ्यांच्या पाणीसंस्था, स्वित्झर्लंडमधली डोंगरी कुरणं तपासली आणि टिकून राहिलेल्या सामाईक व्यवस्थांची आठ लक्षणं काढली. हद्द स्पष्ट हवी, नियम जागेला साजेसे हवेत, राखण हवी, चुकणाऱ्याला पायरीपायरीने दंड हवा, भांडण मिटवायची जवळची सोय हवी, वगैरे. 2009 साली तिला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तो मान मिळवणारी ती पहिली स्त्री. फडाचे नियम तिच्या यादीशेजारी ठेवले की बरंच जुळतं. धोका इथेच आहे. आठही लक्षणांपुढे बरोबरची खूण केली की प्रकल्प संपल्यासारखा वाटतो.

माझी कसोटी साधी आहे. चौकट निवडण्याआधी गावात विचारायचे प्रश्न लिहून काढा. चौकट वाचून झाल्यावर तीच प्रश्नावली पुन्हा लिहा. दोन्ही कागद सारखेच असतील तर चौकट नुसती शोभेची आहे, तिला रजा द्या. विद्यार्थिनीच्या पहिल्या कागदावर होतं: फडपद्धतीचे फायदे कोणते? ऑस्ट्रॉमनंतर आलं: पाळी मोडणाऱ्याला पहिल्यांदा काय दंड, दुसऱ्यांदा काय? वरच्या गावाने पाणी अडवलं तर कोण कुणाकडे जायचं? नदीवर वरच्या अंगाला धरणं झाल्यावर यातलं काय उरलं? असे प्रश्न घेऊन गेलं की म्हातारी माणसं तासन्‌तास बोलतात.

पण ऑस्ट्रॉमला जे दिसत नाही, ते दाखवणारा माणूस धुळ्याचाच. कॉम्रेड शरद पाटील. नुसत्या वर्गाच्या चौकटीत जात मावत नाही म्हणून त्यांनी जुना पक्ष सोडला, 1978 साली सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला आणि मार्क्स-फुले-आंबेडकर अशी स्वतःची मांडणी उभी केली. मूळ ग्रंथ स्वतः वाचता यावेत म्हणून संस्कृत आणि पाणिनीचं व्याकरण शिकले. हाताशी असलेली चौकट अपुरी पडली तर काय करायचं, याचं इतकं कष्टाचं उदाहरण खानदेशात दुसरं मला माहीत नाही.

त्यांच्या बाजूने पाहिलं की फडाचीच एक गोष्ट उलटी दिसू लागते. ऑस्ट्रॉमसाठी स्पष्ट हद्द हे व्यवस्थेचं बळ; पाटील विचारतील, हद्दीबाहेर कोण राहिलं? खानदेशात जागल बऱ्याच गावांत भिल्लांकडे असायची. मग जागल्याची स्वतःची जमीन फडात होती का? त्याला मोबदला धान्यात मिळायचा की पैशात, आणि तो कोण ठरवायचं? निंदणी-खुरपणी करणारी बाई फडाच्या बैठकीत कधी बसली का? एकच हद्द एका चौकटीत गुण ठरते, दुसरीत जखम.

विद्यार्थिनीने ऑस्ट्रॉम मुख्य धरली आणि हद्दीच्या प्रश्नासाठी एक प्रकरण पाटलांना दिलं. माझ्या मते हेच योग्य. एका प्रकल्पाला एक चौकट पुरते, आणि तिला अडचणीत आणणारी दुसरी. तिसरी आली की पानं वाढतात, समज वाढत नाही. आंतरविद्याशाखीय म्हणजे प्रत्येक शाखेतलं एकेक नाव घेणं, असा समज मार्गदर्शकांचाही असतो, हे इथे नोंदवून ठेवतो.

यंदा ज्यांना विषय नोंदवायचा आहे त्यांनी चौकटीच्या पुस्तकांआधी एकदा पांझरेच्या काठाने फिरून यावं. पाटकऱ्याचं, हवालदाराचं काम स्वतः केलेली माणसं आता म्हातारी झाली आहेत. त्यांच्याशी बोलायचं काम पुढच्या सत्रावर ढकलू नका.