विश्लेषण : कंपनीची गाडी नको, स्वतःच लीजवर घेतली तर? गणित कुणाचे जुळते, कुणाचे फसते?

पगाराच्या रचनेतील ‘कार लीज’ हा रकाना आता फक्त बड्या अधिकाऱ्यांपुरता उरलेला नाही. पुण्या-मुंबईतील आयटी कंपन्या, बँका, औषध कंपन्या मधल्या फळीतील कर्मचाऱ्यांपुढेही हा पर्याय ठेवतात. दुसरीकडे, कंपनीला मध्ये न घेता थेट ग्राहकालाच दरमहा भाड्याने कोरी गाडी देणाऱ्या योजनाही बाजारात रुळल्या आहेत. मारुती सुझुकीने २०२० मध्ये ‘सबस्क्राइब’ आणली, महिंद्रा फायनान्सने २०२१ मध्ये ‘क्विकलीज’. गाडी तीच, महिन्याचे भाडेही साधारण तेवढेच. मग फरक पडतो कुठे?

दोन्हींत नेमका भेद काय?

कंपनीच्या लीजमध्ये करार लीज देणारी संस्था आणि तुमची कंपनी यांच्यात होतो. भाडे कंपनी भरते आणि तेवढी रक्कम तुमच्या सीटीसीतून, बहुधा विशेष भत्त्यातून, वजा करते. म्हणजे पैसे तुमचेच, पण ते प्राप्तिकर कापला जाण्याआधी बाजूला निघतात. खासगी लीजमध्ये करार तुमच्या नावावर असतो. पगार हाती आला, त्यावरचा कर कापून झाला, की उरलेल्या पैशांतून भाडे द्यायचे. नोकरदाराला या भाड्याची करात कोणतीही वजावट मिळत नाही. व्यावसायिकाला व्यवसायापुरत्या वापराची मिळू शकते, पण तो प्रश्न वेगळा.

१,८०० रुपयांचा आकडा एवढा महत्त्वाचा का?

कंपनीने गाडी दिली की ती पगाराबाहेरची सोय, म्हणजे ‘परक्विझिट’ ठरते आणि तिच्यावर कर लागतो. पण किती रकमेवर? इथेच गंमत आहे. गाडी कंपनीच्या मालकीची किंवा कंपनीने भाड्याने घेतलेली असेल, वापर कामासाठी आणि खासगी असा दोन्ही असेल आणि खर्च कंपनी करत असेल, तर प्राप्तिकर नियमावलीतील नियम ३ नुसार १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाच्या गाडीची करपात्र किंमत २०२५-२६ पर्यंत महिन्याला अवघी १,८०० रुपये धरली जात होती. त्याहून मोठ्या इंजिनासाठी २,४०० रुपये. चालक दिला असेल तर आणखी ९०० रुपये. गाडीचे खरे भाडे ३० हजार असो की ६० हजार, कर या आकड्यावरच. २००९ मध्ये ठरलेले हे दर २०२५-२६ या आर्थिक वर्षातही तेच होते. महत्त्वाचे म्हणजे, हे मूल्यांकन जुन्या आणि नव्या दोन्ही करप्रणालींत लागू होते. नव्या प्रणालीत घरभाडे भत्त्यापासून बहुतेक सवलती गेल्या, तरी हे दार उघडे राहिले. कार लीजची मागणी वाढण्याचे ते एक मोठे कारण.

अट मात्र विसरता येत नाही. वापर निव्वळ खासगी असेल तर हा स्वस्त आकडा लागत नाही. कंपनीचा प्रत्यक्ष खर्च पगारात मिळवला जातो.

आता याच आकड्याची दुसरी बाजू. गाडी कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या मालकीची असेल, वापर दोन्ही प्रकारचा असेल आणि कंपनी इंधन-देखभालीची बिले चुकती करत असेल, तर २०२५-२६ पर्यंत बिलांपैकी १,८०० किंवा २,४०० रुपयेच करातून सुटत आणि उरलेली रक्कम पगारात धरली जाई. याहून जास्त सूट हवी असेल तर कामासाठीच्या प्रत्येक फेरीची नोंदवही ठेवावी लागते. एकाला फक्त १,८०० वर कर, दुसऱ्याला फक्त १,८०० वर सूट. नियम एकच, आकडा एकच, फळ उलटे.

मग खरोखर किती वाचतात?

समजा, २०२५-२६ मध्ये विमा, देखभाल आणि जीएसटी धरून लीजचे भाडे महिन्याला ३५ हजार रुपये आहे, इंजिन १.६ लिटरच्या आत आहे, चालक नाही. म्हणजे ३५ हजारांऐवजी १,८०० रुपयेच करपात्र. ३३,२०० रुपये कराच्या कक्षेबाहेर गेले.

नव्या करप्रणालीत वर्षाला ३० लाख रुपये पगार असलेल्याला वरच्या रकमेवर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर लागतो. त्याची बचत महिन्याला सुमारे १०,३६० रुपये, वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास. गाडी त्याला प्रत्यक्षात २४,६४० रुपयांना पडते. खासगी लीजवर तीच गाडी पूर्ण ३५ हजारांना.

१४ लाख पगारवाल्याचे चित्र गमतीदार आहे. ७५ हजारांची प्रमाणित वजावट घेऊन त्याचा कर उपकरासह ८१,९०० रुपये होतो. लीज घेतल्यावर त्याचे करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या खाली येते आणि सगळा कर माफ. कागदावर झकास! पण ८२ हजार वाचवण्यासाठी तो १४ लाखांतून वर्षाला ४ लाख २० हजार भाड्यात घालतो आहे. गाडीची गरज असेल तर ठीक, कर वाचवायचा म्हणून गाडी घेणे हा घाट्याचा सौदा.

आणि १२ लाख ७५ हजारांपर्यंत पगार असलेल्यांचे काय? २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर नव्या प्रणालीत त्यांना करच नाही. जो कर भरायचाच नाही, तो वाचणार कुठून? या गटासाठी कंपनीच्या लीजचा करलाभ शून्य आहे.

नोकरी सोडली तर?

कंपनीच्या लीजचा खरा गळफास इथे आहे आणि रुजू होण्याच्या गडबडीत तो कुणी वाचत नाही. करार साधारण तीन ते पाच वर्षांचा असतो. हिंजवडीत किंवा ऐरोलीत एकाच कंपनीत तेवढी वर्षे टिकणारे किती? शिवाय नोकरी सोडणे नेहमी आपल्या हातात असते असेही नाही. कपातीत गेलेल्यालाही तेच कलम लागू होते. तेव्हा साधारण तीन वाटा असतात. नव्या कंपनीने लीज स्वतःकडे घेणे, उरलेली रक्कम भरून गाडी विकत घेणे, किंवा दंड भरून परत करणे. पहिली वाट नव्या कंपनीच्या धोरणात लीज असेल तरच खुली. दंड कराराप्रमाणे बदलतो आणि तो अखेरच्या हिशेबात कापला जाऊ शकतो.

वरच्याच उदाहरणात ३० लाखवाल्याने १८ महिन्यांनी नोकरी सोडली असे धरू. तोवर त्याचा वाचलेला कर सुमारे १ लाख ८६ हजार. करारात सहा महिन्यांच्या भाड्याइतका दंड असेल तर तो भरतो २ लाख १० हजार. दीड वर्षाची बचत एका फटक्यात गेली, वर २४ हजार खिशातून. खासगी लीजमध्येही मुदतीआधी गाडी परत केली तर दंड असतोच, पण नोकरी बदलल्याने तो लागत नाही. करार माणसाशी आहे, त्याच्या ओळखपत्राशी नाही.

महाराष्ट्रात आरसी कुणाच्या नावावर हे का पाहायचे?

आपल्याकडे व्यक्तीच्या नावावरील पेट्रोल गाडीला किमतीनुसार ११ ते १३ टक्के एकरकमी वाहन कर लागतो. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर तोच कर २० टक्के. १२ लाखांच्या पेट्रोल गाडीवर व्यक्तीला १ लाख ४४ हजार, तर कंपनीला २ लाख ४० हजार. ९६ हजारांचा हा फरक ४८ महिन्यांच्या भाड्यात पसरला की महिन्याला २ हजार रुपये झाले, तेही व्याज न धरता. करबचतीचा पाचवा हिस्सा इथेच विरला.

जीएसटीचेही असेच. लीजच्या भाड्यावर तोच दर लागतो जो ती गाडी विकत घेताना लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांना १८ टक्के, मोठ्यांना ४० टक्के आणि इलेक्ट्रिक गाड्यांना ५ टक्के. एरवी कंपन्यांना भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट मिळते, पण कर्मचाऱ्यासाठी भाड्याने घेतलेल्या मोटारीवर ते कायद्यानेच रोखलेले आहे. साहजिकच तो भारही तुमच्या सीटीसीतूनच जातो.

खासगी लीजमध्ये पाटीचा रंग पाहावा. काही योजनांत पांढरी पाटी मिळते, आरसी ग्राहकाच्या नावावर असते आणि तिच्यावर लीजची नोंद असते. काहींत काळी पाटी, म्हणजे भाड्याने स्वतः चालवण्याच्या परवान्यावरची गाडी, संस्थेच्या नावावर. राष्ट्रीय महामार्गांवरचा वार्षिक फास्टॅग पास बिगरव्यावसायिक खासगी वाहनांनाच मिळतो; काळ्या पाटीला नाही. (मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तो तसाही चालत नाही.) विमा संस्थेच्या नावावर असेल तर चार वर्षे अपघात न करता गाडी चालवूनही ‘नो क्लेम बोनस’ तुमच्या नावावर जमा होत नाही. जबाबदारी मात्र टळत नाही. मोटार वाहन कायद्यात ‘मालक’ या शब्दाच्या व्याख्येत लीज करारानुसार गाडी ताब्यात असलेली व्यक्तीही येते.

खासगी लीज मग कुणासाठी?

ज्यांचा कर कमी किंवा शून्य आहे, ज्यांच्या कंपनीत लीजची सोयच नाही आणि ज्यांना दोन-तीन वर्षांत नोकरी किंवा शहर बदलायचे आहे, त्यांच्यासाठी. पण त्यांनीही तुलना कंपनीच्या लीजशी न करता कर्जाच्या हप्त्याशी करावी. हप्ते फिटले की गाडी हातात राहते, लीज संपली की किल्ली परत द्यावी लागते. वार्षिक किलोमीटरची मर्यादा, तिच्यापुढच्या प्रत्येक किलोमीटरचा दर आणि परतीच्या वेळी ओरखड्यांचे पैसे कोण ठरवणार, ही तीन कलमे सहीआधी वाचलेली बरी. पुण्याहून दर पंधरा दिवसांनी कोल्हापूरला गावी जाणाऱ्याचे जाऊन-येऊन साडेचारशे किलोमीटर होतात. वर्षाला जवळपास बारा हजार तिथेच संपतात.

३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या आणि नोकरीत स्थिर असलेल्या माणसाला कंपनीची लीज आजही स्वस्त पडते. पण १,८०० चा आकडा मूळ कायद्यात नव्हता, नियमावलीत होता. असा आकडा बदलायला सरकारची एक अधिसूचना पुरते. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा प्राप्तिकर कायदा २०२५ ने घेतली. आज सही होणारा ४८ महिन्यांचा करार मात्र चार वर्षे चालेल, तोही आज ठरलेल्या भाड्यानेच.